गार मुद्रिका

एका राज्यात राजाहून जुने असे एक मंडळ होते. राज्य म्हणाल तर चिमूटभर. एका सीमेवरून गुराख्याने हाक मारावी आणि दुसऱ्या सीमेवरच्या शेळ्यांनी मान वर करावी, एवढाच त्याचा पसारा. खाली पूर्वेला एक साम्राज्य, पश्चिमेला दुसरे, आणि मधे बर्फाच्या शिखरांत हे. सैन्य नव्हते, सोने नव्हते. तरीही ते पिढ्यान् पिढ्या टिकले, आणि टिकले ते एका चालीवर. ती चाल आधी सांगतो, म्हणजे पुढचे दुःख कळेल.

राज्य वसवणाऱ्या आदिराणीने एक दगडी सभागृह बांधले आणि त्यात पाच आसने मांडली. पाच जणांनी सांगावे, राजाने ऐकावे. मानावे की न मानावे हे राजाचे. ऐकण्यातून मात्र त्याची सुटका नव्हती. आता राजाने ऐकले हे ओळखायचे कसे? सिंहासनावर बसून मान डोलावणे सोपे असते, आणि आदिराणी राजांना चांगली ओळखून होती. तिने नेम घालून दिला. जो बोलेल त्याचे बोलणे राजाने स्वतःच्या तोंडाने परत म्हणायचे: “तुम्ही म्हणता की असे असे.” बरोबर असेल तर बोलणाऱ्याने म्हणायचे, “होय, हेच.” मग राजाच्या बोटातली मुद्रिका आपोआप तापे. बोट भाजत नसे, पण लाख वितळे. त्या लाखेवर शिक्का उठला की आज्ञा पक्की. शिक्क्याची आज्ञा त्या राज्यात कधी कोणी मोडली नाही, कारण तिच्या मागे ऐकणे होते हे सर्वांना ठाऊक होते.

सभागृहाच्या तुळईवर एक साळुंकी असे. मंडळात जे बोलले जाई ते ज्याच्या त्याच्या आवाजात तिच्या ध्यानात राही. आणि दारावर आदिराणीचे शब्द कोरले होते, ते तिथली मुले पाळण्यात शिकत: “न ऐकता जो ऐकले म्हणेल, त्याला स्वतःवाचून कोणी ऐकू येणार नाही. तिघांचे न ऐकता जो बरोबर म्हणेल, त्याला सर्व ऐकू येईल.” मुले ते घडाघडा म्हणत. अर्थ कोणी विचारला नाही, कारण तशी वेळच आली नव्हती.

ती वेळ आली धृतिमान राजाच्या काळी.

धृतिमान वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला त्याचा राग येईल. आईबाप लवकर गेले, तेव्हा धाकटी बहीण कुमुद्वती चालायलाही लागली नव्हती. त्याने तिला खांद्यावर बसवून राज्य केले. तिला भरवताना तो आधी मीठ जिभेवर टेकवून बघे, मग घास देई. ती मोठी झाली, शहाणी झाली, आणि मंडळातल्या पाचव्या आसनावर बसली. जो सर्वांत नवा तो आधी बोलायचा, अशी रीत होती, म्हणजे मोठ्यांच्या भिडेने त्याचे मत बदलू नये. तेव्हा प्रत्येक सभेत पहिला आवाज कुमुद्वतीचा. सर्वांत शेवटी बोलत आर्य विश्रुत, मंडळातले सर्वांत वृद्ध. त्यांनी धृतिमानाच्या बापालाही सल्ला दिला होता.

पण या सभा म्हणजे काय विचारता! ओढ्यावरचा साकव दुरुस्त करायचा, एवढ्या एका गोष्टीला जेवणाची वेळ टळायची. राजा म्हणे, “तुम्ही म्हणता की साकव मोडेल.” तो म्हणे, “नाही महाराज, कदाचित मोडेल असे म्हणालो.” पुन्हा पहिल्यापासून. धृतिमान सिंहासनावर चुळबुळ करी. त्याला वाटे, खालच्या सम्राटांनी बोट उचलले की हजार माणसे धावतात, आणि मी इथे ‘कदाचित’ मोजत बसलो आहे.

अशात पूर्वेच्या सम्राटाच्या मुलीचे लग्न निघाले. सगळ्या राजांना बोलावणे आले, धृतिमानालाही आले. त्याचे पान मांडले होते वाजंत्र्यांच्या मागे, पोराटोरांच्या पंक्तीत. शेजारी आर्य विश्रुत. समोरच्या एका पोराने राजाच्या पानातला लाडू उचलला आणि वर म्हणाले, “आजोबा, तुमच्या राजाला सांगा, आणखी मागून घे.” सगळी पंगत हसली. परतीचा सगळा घाट दोघांनी मुकाट्याने चढला.

त्या लाडवाने घात केला.

त्याच हिवाळ्यात अंबुधर नावाचा मांत्रिक राजवाड्यात आला. त्याच्या दाढीतला बर्फ शेकोटीपाशीही वितळत नव्हता. तो म्हणाला, “महाराज, आपल्या नीलसरोवराच्या तळाशी हिमशंख आहे. तो फुंकला की ऐकणाऱ्या प्रत्येक राजाचा गुडघा जमिनीला टेकतो.”

“तो वर कोण आणील?”

“राजरक्ताचे माणूस. डोक्यावर मुकुट नको. मुकुटाचा भार पाण्याला खपत नाही.”

“आणखी काही अट?”

“जाणाऱ्याने मनापासून गेले पाहिजे. मनापासून गेला त्याला सरोवर शंख देते. मनाविरुद्ध गेला त्याला ठेवून घेते.”

“ठेवलेले परत देते?”

“त्याचे मन काय होते ते धाडणाऱ्याने काठावर येऊन सांगितले, तर देते. आजवर तसा कोणी आलेला नाही.”

असे बोलून मांत्रिकाने शेकोटीपाशी हात शेकले. त्याने काही लपवले नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढे लोक त्याला उगाच शिव्या देऊ लागले.

दुसऱ्या सकाळी राजाने मंडळ भरवले. राजरक्ताचे आणि बिनमुकुटाचे माणूस राज्यात एकच होते. तेव्हा प्रश्न एकच होता आणि तो सरळ होता: कुमुद्वती मनापासून जाईल का? त्या एका उत्तरावर तिचे जगणे होते. राजाने विचारले, “कुमुद, तुझे म्हणणे?”

कुमुद्वती उभी राहिली आणि बोलली. ती बोलत असताना राजाला दिसत होता पूर्वेचा सम्राट, गुडघ्यावर बसलेला, आणि त्याच्यापुढे एक रिकामे पान. बहिणीचे ओठ हलताना त्याने पाहिले. शेवटी तिने दोन्ही हात जुळवून ओंजळीसारखे पुढे केले, तेही त्याने पाहिले. त्याला वाटले, आज्ञा स्वीकारते आहे. मग एकामागून एक बाकीचे तिघे बोलले. त्यांचे तर ओठही त्याने पाहिले नाहीत. विश्रुतांचे बोलणे सुरू व्हायच्या आत राजा उठला.

“आज परत म्हणणे नको. मी ऐकले आहे.”

नेम असा होता की “होय, हेच” आल्याशिवाय लाख घ्यायची नाही. सर्वांनी विश्रुतांकडे पाहिले. विश्रुत म्हातारे होते, थकले होते. आणि त्यांनाही त्या पंगतीतले हसणे आठवत होते. ते हलक्या आवाजात म्हणाले, “होय, हेच.”

मुद्रिका तापली नाही. बर्फाच्या खड्यासारखी ती बोटात गार पडली. राजा क्षणभर थबकला. मग विश्रुतांनीच कोनाड्यातला दिवा उचलून पुढे धरला, आणि राजाने लाख दिव्यावर वितळवली. त्या राज्यात लाख दिव्यावर वितळल्याचे कोणी पूर्वी पाहिले नव्हते. पाचही जणांनी पाहिले, साळुंकीनेही पाहिले.

शिक्क्याची आज्ञा होती. कुमुद्वती उठून सरोवराकडे गेली. राजा तेव्हा बुरुजावर होता, शंख ठेवायला देवळी कुठे खोदावी ते बघत होता.

पाण्याने तिला घेतले आणि वर बर्फ धरला. वर आले कोणीच नाही.

लोक धावत राजाकडे आले. “महाराज, राजकन्येला सरोवराने ठेवून घेतले!” राजाला ऐकू आले, “महाराज, राजकन्या शंख घेऊन येतेच आहे!” तो हसला आणि म्हणाला, “येऊ द्या सावकाश.”

शाप लागला होता. आणि तो मोठा गोड शाप होता हो! गोड होता म्हणूनच वर्षानुवर्षे टिकला. कोणी काहीही म्हणो, राजाला ऐकू येई ते त्याच्याच मनातले. मंडळाने लिहून दिले, तर अक्षरे डोळ्यांपुढे त्याच्या मनासारखी लागत. समोर कोणी नकारार्थी मान हलवली, तर राजाला वाटे की वाहवा चालली आहे. कोणी रडले, तर आनंदाचे रडणे. सभा आता झटपट आटपत. जेवणाची वेळ कधी टळत नसे. राजा मनात म्हणे, इतकी वर्षे हे लोक किती घोळ घालत, आता बघा कसे एकमत झाले आहे.

आणि आज्ञा सुटत होत्या. खिंडीत बुरूज बांधा, हिवाळ्यातच बांधा. लाख दिव्यावर वितळत होती, शिक्का उठत होता, आणि लोक पाळत होते, कारण शिक्का पाळायचा हे त्यांच्या अंगवळणी पडले होते. ओढ्यावरचा साकव एक दिवस मोडला. आता कदाचित नव्हे, खरोखरच मोडला.

साळुंकी तेवढी रोज सकाळी राजाच्या खिडकीत येऊन बसे आणि कुमुद्वतीच्या आवाजात, कुमुद्वतीने त्या दिवशी मंडळात सांगितले तेच, शब्दाला शब्द सांगे. राजाला ऐकू येई, “शंख येतोच आहे.” तो तिला दाणे टाकी. पक्षी दाणे खात नसे.

कितीतरी हिवाळे गेले. राजाचे केस पिकले, पाठ वाकली. मांत्रिक अंबुधर केव्हाच पश्चिमेला निघून गेला. जाताना तो एवढेच म्हणाला की मी अट सांगितली होती. राजाला तेही आशीर्वादासारखे ऐकू आले.

एका वसंतात राजाला वाटले, कुमुद आता येईलच, तिच्यासाठी काठावर कमान उभारावी. जागा बघायला तो एकटाच सरोवरावर गेला. तिथे पाण्याच्या कडेला त्याला मोजड्यांचा जोड दिसला. लहान पावलांच्या, लाल गोंड्यांच्या. त्यांतून गवत वर आले होते, आणि एकीत कुठल्याशा पाखराने घरटे करून सोडून दिले होते.

मोजड्या कोणाशी बोलत नाहीत. त्यांना काही सांगायचे नव्हते, म्हणून शापालाही बदलायला काही सापडले नाही. राजाने त्या होत्या तशा पाहिल्या. आणि त्याला त्यांची दिशा दिसली. त्या देशात सरोवरात उतरणारा माणूस पायताण पाण्याकडे तोंड करून काढी. हा पाण्याचा मान. या मोजड्यांचे तोंड घराकडे होते.

राजा तिथेच खाली बसला. मोजडीतून उगवलेल्या गवताला त्याने हात लावला. येतेच आहे, येतेच आहे, असे तो किती वर्षे ऐकत होता? “कुमुद आली नाही,” तो मोठ्याने म्हणाला. “ती यायचीच नव्हती. मग मला हे रोज कोण सांगते?”

दारावरचे आदिराणीचे शब्द त्याने पाळण्यात पाठ केले होते. ते आता त्याने पहिल्यांदा अर्थासकट म्हटले. म्हणता म्हणता त्याला रडू कोसळले, आणि ते रडणे आनंदाचे नव्हते एवढे त्याला कळले.

तिघांचे न ऐकता बरोबर म्हणायचे होते. “होय, हेच” या शब्दांवर भरवसा नव्हता. ते तर त्याला सगळीकडे ऐकू आले असते. खरे सांगणारी उरली होती ती फक्त मुद्रिका. ती बोटात गारच होती.

पहिल्यांदा तो खिंडीखालच्या वाडीत गेला, येसा नावाच्या म्हातारीकडे. बुरुजाच्या कामावर तिच्या घरचे माणूस होते, एवढे त्याला ठाऊक होते. येसा शेळीची धार काढत होती. राजाला पाहून ती उभी राहिली आणि बराच वेळ बोलली. राजाला ऐकू आले, “महाराजांच्या कृपेने सुखात आहे.”

“माई, तू म्हणतेस की तुला अन्न पुरत नाही,” राजा म्हणाला. मुद्रिका गार.

“तू म्हणतेस की घर गळते.” गार.

मग राजाने बोलणे सोडले आणि अंगणात बसून राहिला. येसाने धार काढली, भाकऱ्या भाजल्या. तिने राजाला वाढले, स्वतःला वाढले, आणि तिसरे पान भिंतीशी मांडून त्यावर भाकरी ठेवली. दोघे जेवले. तिसऱ्या पानावरची भाकरी तिने शेवटी उचलली आणि शेळीला घातली. तिच्या हाताला ती रोजची सवय दिसली.

राजाने त्या तिसऱ्या पानाकडे पाहिले. तो म्हणाला, “माई, तू म्हणतेस की तुझा मुलगा बुरुजावरून आला नाही. आणि त्याला बर्फात मी धाडले.”

येसाने त्याच्याकडे पाहिले आणि एकदाच मान हलवली. मुद्रिका कोमट झाली.

राजाने तिच्या पायांना हात लावला. तिने पाय मागे घेतले. कान परत येणार म्हणून काही मुलगा परत येत नाही.

दुसऱ्यांदा तो आर्य विश्रुतांकडे गेला. विश्रुत आता अंथरुणाला खिळले होते. मंडळात येणे त्यांनी केव्हाच सोडले होते. राजाला पाहून ते उठून बसायची धडपड करू लागले आणि काकुळतीने बोलू लागले. राजाला ऐकू आले, “दोष तुमचा नाही, महाराज.”

हे ऐकायला त्याला आवडले, आणि म्हणूनच ते खरे नव्हते हे त्याने ओळखले. तो म्हणाला, “आर्य, तुम्ही म्हणता की दोष माझा आहे.”

मुद्रिका गार पडली. राजा गोंधळला. दोष तर त्याचाच होता! मग हा म्हातारा आणखी काय म्हणतो आहे?

बाहेर सांज झाली. घरात अंधार दाटला, पण नोकराने दिवा आणला नाही. राजाने भिंतीकडे पाहिले. दिव्याचा कोनाडा मातीने लिंपून टाकला होता. सगळ्या घरात एक समई नाही, एक पणती नाही. त्या एका दिवसापासून या घरात दिवा लागलाच नव्हता.

“आर्य,” राजा म्हणाला, “तुम्ही म्हणता की दोष तुमचा. दिवा तुम्ही धरला होता.”

मुद्रिका तापली. विश्रुतांनी राजाचा हात दोन्ही हातांत धरला आणि ते पुष्कळ बोलले. राजा सारा वेळ त्यांचे ओठ पाहत राहिला. त्याला ऐकू आले ते त्याच्याच मनातले. आणि त्याचे कान उघडले तेव्हा विश्रुत या जगात नव्हते. जाताना शहाण्या माणसाने काय सांगितले, ते त्या राज्यात कोणालाच कळले नाही. साळुंकी तेव्हा तुळईवर होती, विश्रुतांच्या घरी नव्हती.

तिसऱ्यांदा तो कुमुद्वतीकडे गेला. तेव्हा पुन्हा हिवाळा आला होता आणि सरोवर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत गोठले होते. साळुंकी त्याच्या मागोमाग आली आणि काठावरच्या दगडावर बसली.

“कुमुद,” राजा बर्फाला म्हणाला, “तू म्हणालीस की मी जाणार नाही.”

मुद्रिका गार.

“तू म्हणालीस की दादा चुकतात.”

गार. इथे ना अंगण होते, ना कोनाडा. बर्फाखाली एक निळी सावली होती, आणि ती हलत नव्हती. राजाने आठवून आठवून पाहिले. ओठ हलले होते, एवढेच आठवले. ऐकलेच नाही तर आठवणार काय? तो घाबरा झाला. त्याला वाटले, ही आता कधीच सुटणार नाही, आणि ते माझ्यामुळे.

“ठीक आहे,” तो म्हणाला. “सांगता येत नाही, तर निदान तुझ्याजवळ येतो. मनापासून येतो.”

त्याने बर्फ फोडायला दगड शोधला. मग त्याला अंबुधराचे शब्द आठवले, की मुकुटाचा भार पाण्याला खपत नाही. त्याने मुकुट डोक्यावरून काढला. आता ठेवावा कुठे? चिखलात ठेवणे बरे वाटेना. धरायला कोणी असते तर बरे झाले असते, असे त्याच्या मनात आले.

आणि मुकुट हातात धरून तो जागच्या जागी थांबला.

त्याला ती ओंजळ दिसली. सभेत कुमुद्वतीने पुढे केलेले दोन हात. ती आज्ञा घेत नव्हती. ती काहीतरी मागत होती, थोडा वेळ धरायला.

“तू म्हणालीस,” राजा म्हणाला, “तू म्हणालीस की तुला पाण्याची भीती वाटते. शंख मला हवा आहे, तर मीच जावे. तोवर मुकुट तू सांभाळशील.”

मुद्रिका इतकी तापली की बोटातून निसटून बर्फावर पडली. बर्फ कडाडला, आधी तिच्याखाली, मग थेट पलीकडच्या काठापर्यंत. आणि राजाचे कान उघडले. इतक्या वर्षांनी त्याला ऐकू आला पहिला आवाज तो साळुंकीचा. पण आवाज कुमुदचा होता, त्या सकाळचा:

“दादा, मला पाण्याची भीती वाटते. शंख तुम्हाला हवा आहे ना? मग मनापासून तुम्हीच जाल. मुकुट द्या, थोडा वेळ मी सांभाळते. लवकर वर या. मी जेवायची थांबते.”

एवढेच होते. केवढा साधा सल्ला! ऐकला असता तर संध्याकाळपर्यंत शंखही आला असता आणि बहीणही जेवायला असती. राजाने दोन्ही हातांनी कान झाकून घेतले, पण आता ते बंद होत नव्हते.

पाणी दुभंगले आणि कुमुद्वती काठावर चढली. सरोवराने तिला जशी घेतली तशी दिली होती. तेच वय, तेच हिरवे लुगडे, केसांतले फूलसुद्धा ताजे. तिच्यामागून हिमशंखही लाटेवर येऊन पडला. तो उचलायला कोणी वाकले नाही. पूर्वेचा तो सम्राट केव्हाच मरून गेला होता, आणि त्या पंगतीत कोण कुठे बसले होते हे जगात कोणाला आठवत नव्हते.

काठावर एक पिकल्या केसांचा, वाकलेला, बोडका म्हातारा रडत होता. कुमुद्वतीने त्याला नमस्कार केला.

“आजोबा, तुम्ही आता म्हणालात ते मी पाण्याखालून ऐकले. होय, हेच. अगदी हेच मी म्हणाले होते. पण मी ते दादांना सांगितले होते. तुम्हाला कोणी सांगितले?”

राजा म्हणाला, “दादांनीच सांगितले, पोरी. त्यांना जरा उशिरा ऐकू आले.”

“आणि ते आहेत कुठे? मी जेवायची थांबले आहे.”

तेवढ्यात तिला त्याच्या हातातला मुकुट दिसला. तो तिने ओळखला आणि ओंजळ पुढे केली. “हा दादांचा. द्या, ते येईपर्यंत मी सांभाळते.”

“सांभाळ,” राजा म्हणाला, आणि मुकुट तिच्या ओंजळीत ठेवला.

तिला कळले का? कळले. त्याच दिवशी कळले. राजवाड्यात पाने वाढली, तेव्हा म्हाताऱ्याने तिच्या पानातले मीठ आधी जिभेवर टेकवून बघितले. कुमुद्वती त्याच्याकडे बघतच राहिली. मग ती खूप रडली, रागावली, त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी जेवली. त्याला दादा म्हणायला मात्र तिला पुष्कळ दिवस लागले, आणि त्याने घाई केली नाही.

अशा रीतीने शाप सुटला. मुकुट राणी कुमुद्वतीच्या माथ्यावर राहिला, आणि सरोवराने काठावर टाकलेली मुद्रिका तिच्या बोटात आली. साकव पुन्हा बांधला गेला, आणि त्याच्या चर्चेत जेवणाची वेळ टळली, पण कोणी कुरकुर केली नाही. विश्रुतांच्या घरचा कोनाडा उकलून त्यात दिवा लावला गेला. येसाच्या घरी मात्र तिसरे पान तसेच मांडले जाते, त्याला कोणाचा इलाज नाही.

मंडळातले पाचवे आसन रिकामे होते, ते त्या म्हाताऱ्याला मिळाले. सर्वांत नवा तोच, म्हणून पहिले बोलणे त्याचे. दर सभेत राणी त्याला विचारी, “दादा, तुमचे म्हणणे?”

तो म्हणे, “माझे काही नाही. मी ऐकायला आलो आहे.”

राणी त्याच्याकडे वळून, एक शब्द न गाळता, परत म्हणे, “तुम्ही म्हणता की तुमचे काही नाही, तुम्ही ऐकायला आला आहात.”

“होय,” म्हातारा म्हणे, “हेच.” आणि राणीच्या बोटातली मुद्रिका हळूहळू तापू लागे.